फरशीखालचा वाफसा : दारातले झाड आणि अंगण दोन्ही राखण्यासाठी



शेतकी खात्याची माणसे उसाच्या नोंदीसाठी किंवा खोडव्याच्या पाहणीसाठी दारात येतात, तेव्हा बोलणे बेण्यावरून सुरू होते आणि चहा होईपर्यंत घरच्या अडचणीवर येते. अलीकडे त्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. "साहेब, अंगणातले गट्टू उचलले, ओट्याला चीर गेली. झाडाच्या मुळ्यांचंच काम दिसतंय. झाड काढून टाकू का?" प्रश्न विचारणारा बहुधा कुऱ्हाड शोधूनच बसलेला असतो. आम्ही फक्त हो म्हणायची वाट असते.

आमचे काम उसाचे. अंगणाच्या फरशीत आम्ही का लक्ष घालावे, असे कोणी म्हणेल. पण मूळ उसाचे असो की आंब्याचे, ते कशामागे जाते आणि कशाला टाळते, हे आपण सरीत रोज पाहतो. तीच नजर अंगणात लावली, तर बहुतेक झाडे वाचतात आणि अंगणही वाचते. या विषयावर आम्ही जे पाहिले ते मुख्यत: घाटाखाली, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत. माळशेज घाट उतरला की मुरबाड लागते. आपल्याकडच्या कित्येक लेकी तिकडे दिलेल्या आहेत, भाजीपाल्याचे टेंपो त्याच रस्त्याने कल्याणला जातात आणि काही सभासदांनी तिकडे जागा घेऊन घरेही बांधली आहेत. गाळप हंगाम आटोपल्यावर अशा घरांतून बोलावणी आली, म्हणून शेतकी खात्यातले आम्ही तिघेजण दोन्ही तालुक्यांत फिरलो. तिथे जे दिसले ते घाटावरच्या सभासदांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

मातीचे अंगण आणि सिमेंटचे अंगण

शहापूर-मुरबाड हा भाताचा मुलूख. तिथल्या जुन्या घरापुढे मातीचे अंगण असे आणि भात झोडायचे खळेही बहुधा तिथेच. पावसाळ्यात अंगण उखडे. पाऊस सरला की घरची माणसे ते नव्याने करीत. माती घालायची, पाणी मारायचे, चोपायचे, शेणाने सारवायचे. अंगणात आंबा-फणस असायचाच. त्याचे मूळ वर आले तर त्या वर्षी तिथे चार पाट्या माती जास्त पडायची, एवढेच. मुळाने अंगण फोडले, अशी तक्रार कोणाच्या तोंडी नव्हती, कारण मातीचे अंगण दर वर्षी मुळाबरोबर थोडे थोडे वर येत होते.

आता काळ बदलला. घरे पक्की झाली, दारात गाडी आली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो आणि तो ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. कल्याण-मुरबाड रस्त्यालाही घरे वाढत चालली आहेत. सारवायला कोणाला सवड नाही आणि चिखल कोणालाच नको. म्हणून अंगणात कोबा, काँक्रीट किंवा गट्टू आले, म्हणजे ज्याला पेव्हर ब्लॉक म्हणतात ते. यात चूक काही नाही. पण झाड तेच, जागा तीच, आणि वरचे अंगण मात्र हलायला तयार नाही. भांडण इथे सुरू होते.

मूळ फरशी का उचलते

पहिली गोष्ट, मूळ मुद्दाम फरशी फोडायला येत नाही. झाड जेवढे उंच तेवढे त्याचे मूळ खोल, अशी आपली एक समजूत आहे. सोटमूळ खोल जाते हे खरे, विशेषत: आंब्याचे. पण झाडाला पाणी आणि अन्न पुरवणारी बहुतेक मुळे आडवी असतात आणि जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात. हा पसारा फांद्यांच्या घेराबाहेर दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत जाऊ शकतो. कारण साधे आहे. मुळाला नुसते पाणी पुरत नाही, हवाही लागते. पाणी आणि हवा दोन्ही असतात त्या स्थितीला आपण वाफसा म्हणतो. साचलेल्या पाण्यात उसाची मुळी सडते आणि कोरड्या ढेकळात वाळते. वाफशावर ती जोमाने चालते. हे कोणा सभासदाला शिकवायला नको.

आता फरशीखाली काय असते ते पाहा. उन्हाने जमीन तापली तरी फरशीखालची ओल उडून जात नाही. रात्री फरशी गार होते, जमिनीतली वाफ तिच्या पोटाला लागते आणि तिथे दव धरते. गट्टूखाली बहुधा कच म्हणजे दगडाची भुकटी टाकलेली असते, ती ओल धरून ठेवते. शिवाय फरशी आणि भराव यांच्यामध्ये बारीक फट राहते, तिच्यातून हवा खेळते. थोडक्यात, फरशीखाली बारा महिने वाफसा असतो. एप्रिल-मे महिन्यात सगळे शिवार भाजून निघत असताना झाडाला ही एकच जागा गार लागते. मग केसासारखी मुळी त्या फटीत शिरते. पहिल्या वर्षी ती काहीच करीत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती करंगळीएवढी होते, मग अंगठ्याएवढी, मग मनगटाएवढी. जाड व्हायला तिला जागा हवी. खाली घट्ट जमीन असते, म्हणून ती वर सरकते.

तिचा जोर किती? जाड होणारे मूळ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ ते १० किलोपर्यंत दाब देऊ शकते. आणि ४ इंच जाडीच्या काँक्रीटचे वजन किती? हिशेब करा. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २४ ग्रॅम. म्हणजे दहा रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवावीत तेवढे. मुळापुढे ते काहीच नाही. म्हणून "कोबा आणखी दोन इंच जाड घाला म्हणजे मूळ दबेल" हा गवंड्याचा सल्ला खर्च वाढवतो. मूळ त्याने दबत नाही.

घाटाखालची जमीन

शहापूर-मुरबाडमध्ये हा त्रास जास्त का दिसतो, याला तिथल्या जमिनीची आणि पाण्याची कारणे आहेत.

एक, पाऊस. तिकडे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आपल्या कार्यक्षेत्राच्या पूर्व पट्ट्यात त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही पडत नाही. पण तो सगळा पाऊस चार महिन्यांचा. पुढचे आठ महिने कोरडे. पावसाळ्यात खाली पाणी तुंबते म्हणून मुळे वर राहतात आणि उन्हाळ्यात ओल शोधत फरशीखाली येतात.

दोन, भाताची खाचरे. वर्षानुवर्षे चिखलणी केल्याने खाचरात टीचभर खोलीवर एक घट्ट थर बसलेला असतो. असे खाचर मुरमाने भरून त्यावर घर बांधले, तर खालचा थर तसाच राहतो. झाडाची मुळे त्याच्यात सहजी शिरत नाहीत. वरच्या भुसभुशीत भरावातच ती पसरतात, आणि अंगण नेमके त्याच भरावावर असते.

तीन, वरकस जमीन. माळावरच्या या हलक्या जमिनीत दीड-दोन फुटांवर कातळ किंवा कठीण मुरूम लागतो. तिथे मुळाने खाली जावे तरी कुठे?

चार, सांडपाणी. हे कारण आम्हाला सर्वात मोठे वाटले. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून पाणी देत आहे. पण त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी कोणी वाया घालवत नाही. ते दारातल्या झाडाला सोडले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र ते पाणी सोडले जाते घराच्या बाजूने, जोत्याला लागून. झाडाला रोज त्याच बाजूला पाणी मिळाले की मूळ त्याच बाजूला येणार. ठिबकच्या नळीखाली उसाच्या मुळ्यांची कशी जाळी होते, ते आपण पाहतोच.

घाटावरच्या काळ्या जमिनीत दुसराच एक प्रकार होतो, तोही इथे सांगून ठेवतो. काळी जमीन ओलीत फुगते आणि वाळली की आकसते. जोत्याजवळचे मोठे झाड उन्हाळ्यात तिच्यातली ओल ओढून घेते, जमीन खाली बसते आणि भिंतीला तिरकी चीर जाते. तिथे फरशी उचललेली दिसत नाही, खचलेली दिसते. म्हणून आधी फरशी वर आली आहे की खाली गेली आहे, ते पाहावे. दोन्हींचा उपाय एक नाही.

मुरबाड तालुक्यातले एक घर

आपल्या एका सभासदांची मुलगी मुरबाड तालुक्यातल्या एका गावात दिलेली आहे. त्यांच्या दारात आजेसासऱ्यांच्या हातचा रायवळ आंबा आहे. बुंधा दोन फूट व्यासाचा, ओट्यापासून बारा फुटांवर. तीन वर्षांपूर्वी त्यांनी घर नवे केले आणि फाटकापासून ओट्यापर्यंत, अगदी आंब्याच्या बुंध्याला चिकटवून, गट्टू बसवले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओट्यापुढे उंचवटा आला. त्याला ठेच लागून घरातल्या आजीबाई पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, काठी आली. मग मुलांनी ठरवले की झाड काढायचे. लाकूडवाला येऊन भाव करून गेला. अडले ते आजींपाशी. त्या म्हणाल्या, "पडले मी. झाडाला कशाला पाडता?"

आम्ही गेलो तेव्हा घरात या विषयावर बोलणे बंद होते. दोन्ही बाजू रास्त होत्या. दारात धोका ठेवून चालत नाही, आणि असे झाड पुन्हा उभे राहायला दोन पिढ्या जातात. आम्ही घरच्या मुलांना उंचवट्यावरचे दहा-बारा गट्टू काढायला सांगितले. खाली मनगटाएवढे मूळ निघाले. ते बुंध्यापासून इकडेतिकडे न वळता थेट ओट्याच्या कोपऱ्याकडे गेले होते. कोपऱ्याशी न्हाणीच्या जुन्या पाइपाचा जोड होता, तो झिरपत होता. पाइपाच्या जोडाभोवती मुळ्यांचा झुबका पाहून थोरला मुलगा म्हणाला, "म्हणजे आम्हीच त्याला बोलावलं की."

पुढचे काम दोन गड्यांचे तीन दिवसांचे झाले. न्हाणीचा पाइप बदलून पीव्हीसीचा घातला, त्याचे जोड सोल्युशनने पक्के केले आणि सांडपाणी आंब्याच्या पलीकडे लावलेल्या केळीच्या वाफ्यात नेले. बुंध्याभोवती चार फुटांचे आळे मोकळे केले. ते मूळ तोडले नाही, कारण एवढ्या जाड मुळावर झाडाचा तोलही असतो. त्याच्यावरची कच काढून बारीक खडी घातली आणि गट्टू दोन्ही बाजूंनी हलक्या उतारावर बसवले, म्हणजे पायाला कड लागणार नाही. सर्वात उंच जागी गट्टू न बसवता तेवढा तुकडा मोकळा ठेवला आणि भोवती ठळक कठडा केला. त्यानंतर एक पावसाळा गेला आहे आणि गट्टू जागेवर आहेत. एका वर्षावरून कायमचे सांगता येत नाही. पण पाणी पलीकडे गेले आहे, तेव्हा नवी मुळेही पलीकडे जातील, हा हिशेब सरळ आहे. आजी काठी टेकत ओट्यावरून आंब्यापर्यंत जाऊन येतात.

काय करावे

आता क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिले दोन उपाय जवळजवळ फुकट आहेत आणि त्यांनीच बरेच काम होते.

१. पाणी वळवा. घराकडच्या बाजूचे झिरपणारे नळ, पाइपांचे जोड आणि शोषखड्डा तपासा. सांडपाणी झाडाच्या पलीकडच्या बाजूला न्या. झाडाला रोज तांब्याभर पाणी घालू नका, त्याने मुळे वरवर राहतात. आठ-दहा दिवसांनी एकदाच, भरपूर, आणि फांद्यांच्या कडेखाली द्या. त्या बाजूला कुजलेले शेणखत किंवा प्रेसमडचे कंपोस्ट घाला आणि वर पाचटाचे आच्छादन करा. सरीत पाचट जे काम करते तेच इथे करते. फक्त पाचट बुंध्याला आणि घराच्या जोत्याला टेकू देऊ नका, नाहीतर वाळवी लागते.

२. आळे मोकळे ठेवा. बुंध्याला चिकटून काँक्रीट कधीही घालू नये. बुंधा स्वत:ही दर वर्षी जाड होतो आणि फरशी ढकलतो. निदान तीन-चार फूट जागा मोकळी ठेवा. शहरांतही हे आता मान्य झाले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचे १ मीटर परिघातले काँक्रीट काढायला सांगितले होते.

३. फरशीखाली मोकळी खडी घाला. नवे अंगण करताना किंवा जुने उचलताना खालची माती आणि कच काढून ४ ते ६ इंचांचा ४० मिलिमीटर खडीचा थर द्या. त्यात भुकटी मिसळू देऊ नका. जाड खडीच्या पोकळीत ओल टिकत नाही, म्हणून मूळ त्या थरात रमत नाही. ते खडीच्या खालून जाते. पुढे जाड झाले तरी खडी थोडी सरकते आणि फरशीवर लगेच जोर येत नाही. खडीवर बारीक खडीचा पातळ थर घालून गट्टू बसवावेत. झाडाजवळ सलग कोब्यापेक्षा गट्टू बरे. ते उचलता येतात आणि पुन्हा बसवता येतात. कोबा मात्र फोडावाच लागतो.

४. कागदाचा पडदा. झाड आणि अंगण यांच्यामध्ये, अंगणाच्या कडेने, दोन ते अडीच फूट खोल अरुंद चर घ्या. शेततळ्याला वापरतो तो ५०० मायक्रॉनचा कागद दुहेरी करून त्यात उभा लावा आणि माती दाबून भरा. कागदाची वरची कड जमिनीच्या इंचभर वर राहू द्या, नाहीतर मूळ वरून उडी मारते. वरकस जमिनीत कागद कातळापर्यंत टेकवा. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पडदा सरळ रेषेत असावा. झाडाभोवती गोल लावला तर मुळे आतल्या आत वेटोळी होतात आणि वादळात झाड मुळासकट पडते. दुसरे, पडद्याने मूळ कायमचे थांबत नाही, ते खाली वळते आणि बरीच वर्षे लांबणीवर पडते. आपल्याला तेवढे पुरते. चर खणताना पुढे सांगितलेला मुळे तोडण्याचा नियम पाळावा.

५. गाडीवाट. फाटकापासून ओट्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप येत असेल, तर जमीन दाबून घट्ट होते, हवा मिळत नाही आणि मुळे आणखी वर येतात. शक्य असेल तर वाट झाडापासून दूर वळवा. ते जमत नसेल, तर पूर्ण रुंदीची फरशी न करता चाकांपुरते दोन पट्टे करा आणि मधली जागा माती-गवताची ठेवा. मोठे मूळ मध्ये आडवे येत असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना पाया घेऊन वर सळईचा स्लॅब टाकावा, ओढ्यावर मोरी टाकतो तसा. मूळ आणि स्लॅब यांत चार बोटे पोकळी ठेवावी. खर्च थोडा जास्त येतो, पण एकदाच येतो.

६. मूळ तोडायचेच असेल तर. आधी बुंध्याचा व्यास मोजा. त्याच्या पाचपट अंतराच्या आत मूळ तोडू नये. बुंधा १ फुटाचा असेल तर ५ फुटांच्या आत हात लावायचा नाही, २ फुटांचा असेल तर १० फुटांच्या आत नाही. दोन इंचांपेक्षा जाड मूळ जाणकाराला दाखवल्याशिवाय तोडू नये. एका वर्षी एकाच बाजूची, तीही मोजकीच मुळे तोडावीत. हाताने उकरून मूळ उघडे करावे आणि करवतीने एकसारखे कापावे. जेसीबीने ओढले तर मूळ बुंध्यापर्यंत उभे फाटते आणि ती जखम कुजत जाते.

वेळही पाहावी लागते. मे महिन्यात मुळे तोडली आणि जूनमध्ये कोकणातला वारा सुटला, तर झाड घरावर येईल. पाऊस उघडला, जमिनीत अजून ओल आहे, आणि पुढचे वादळी दिवस सात-आठ महिने लांब आहेत, अशी दसऱ्यानंतरची वेळ आम्हाला बरी वाटते. मूळ मारायला हिंग, मोरचूद, मीठ, ॲसिड किंवा तणनाशक ओतण्याचे प्रकार करू नयेत. मूळ एकटे मरत नाही, झाड मरते. आणि मेलेले झाड कोणत्या पावसात पडेल, ते सांगून पडत नाही.

नवे झाड कुठे लावावे

वरचे सगळे कष्ट वाचवायचे असतील तर रोप लावतानाच फुटपट्टी घ्यावी. आम्ही अंतरे सांगतो ती ढोबळ आहेत. जास्त ठेवता आले तर उत्तम.

वड, पिंपळ, उंबर, नांदरुक आणि बंगल्यांपुढे लावतात तो फायकस : घर, विहीर आणि टाकी यांपासून ४० फूट. फायकस कुंडीत गोजिरवाणा दिसतो, पण तो वडाच्याच कुळातला आहे.

रेन ट्री, गुलमोहर : ३० फूट.

आंबा, फणस, चिंच, जांभूळ : २० ते २५ फूट.

बकुळ, सोनचाफा, आवळा : १२ ते १५ फूट.

पारिजातक, कढीपत्ता, लिंबू, डाळिंब, जास्वंद : ५ ते ८ फूट. अंगणाच्या कडेला हीच शोभतात.

नारळ आणि सुपारी यांची मुळे दोरीसारखी असतात आणि वर्षानुवर्षे जाड होत जात नाहीत, म्हणून ती फरशी सहसा उचलत नाहीत. पण शोषखड्ड्यात आणि पाइपाच्या जोडात ती हमखास शिरतात. शिवाय नारळ डोक्यावर पडतो, हे वेगळे सांगायला नको. बांबूचे बेट घरापासून १५ फूट तरी ठेवावे, ते दर वर्षी बाहेर सरकते.

रोपवाटिकेतले रोप पिशवीत बरेच दिवस राहिलेले असेल, तर मुळे पिशवीच्या आत गोल फिरलेली असतात. लावताना पिशवी पूर्ण काढा आणि वेटोळी मुळे सोडवून किंवा कापून सरळ करा. भराव केलेल्या खाचरात लावायचे असेल, तर खड्डा खालच्या घट्ट थराच्या आरपार न्या, म्हणजे मुळाला खाली वाट मिळेल.

भिंतीतले आणि विहिरीतले रोप

पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-उंबराचे बी भिंतीच्या फटीत पडते आणि तिथेच रुजते. ते बोटभर असताना उपटले तर मुळासकट येते. दोन पावसाळे राहू दिले तर दगड काढल्याशिवाय निघत नाही. आपल्याकडे पिंपळ-उंबर उपटायला हात धजत नाही, ही भावना आम्ही जाणतो. त्यावर जुनी रीत आहेच : रोप लहान असतानाच हलक्या हाताने काढावे आणि देवळाच्या आवारात किंवा गावच्या मोकळ्या जागेत लावावे. झाडही राहते आणि भिंतही. दर वर्षी पावसाळा संपला की घराच्या मागच्या भिंती, विहिरीचे कठडे आणि गच्चीची पन्हाळी यांवर एक नजर टाकावी. पाच मिनिटांचे काम आहे.

कायद्याची बाजू

झाड आपल्या मालकीचे असले तरी ते केव्हाही तोडता येते असे नाही. झाडे तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, हिरडा, ऐन अशी आपल्या ओळखीची झाडे आहेत आणि ती तोडायला आधी परवानगी लागते. शहापूर आणि मुरबाड या गावांना आता नगरपंचायती आहेत. नागरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो आणि तिथे परवानगी नगरपंचायतीकडून घ्यावी लागते. तेव्हा लाकूडवाल्याशी भाव करण्यापूर्वी चौकशी करावी. झाड शेजाऱ्याचे असेल आणि मूळ आपल्या अंगणात आले असेल, तर आधी शेजाऱ्याला घेऊन ते मूळ दाखवावे. मुळावरून सुरू झालेली भांडणे बांधापर्यंत जातात आणि मग वकिलांचीच घरे पक्की होतात.

शेवटी

काही झाडे काढावीच लागतात, हेही आम्ही नाकारत नाही. बुंधा पोकळ झाला आहे, झाड घरावर कलले आहे, बुंध्याशी जमीन भेगाळून उचलली आहे, किंवा जोत्याला लागूनच वड उभा आहे, अशा वेळी परवानगी घेऊन, जाणकार माणूस लावून ते उतरवणेच शहाणपणाचे. पण असा निर्णय घेण्यापूर्वी निदान दहा गट्टू उचलून मूळ कुठून येते आणि कुठे जाते, एवढे पाहावे. आम्ही ज्या घरांत फिरलो त्यांतल्या बऱ्याच घरांत मुळाच्या टोकाशी गळका पाइप, तुंबलेली मोरी किंवा झिरपणारा शोषखड्डा सापडला. झाड तोडले असते तरी तो गळका जोड तसाच राहिला असता आणि जोत्यात पाणी मुरतच राहिले असते.

गाळप हंगामाच्या धांदलीत घराकडे पाहायला सवड होत नाही. पावसाळ्यापूर्वीचे हे मोकळे दिवस पाइप आणि सांडपाणी तपासायला चांगले आहेत, आणि मुळांना हात लावायचाच असेल तर दसऱ्यानंतर. ज्या सभासदांना आपल्या अंगणातली जागा दाखवायची असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसमध्ये तशी नोंद करावी. उसाच्या पाहणीला येऊ तेव्हा तीही पाहू. येताना मोजपट्टी आम्ही आणू, पहार मात्र तुमची असू द्या.

— ऊस विकास अधिकारी